रंग दिसतो, पण तो कुणाचा?

कल्याणला राहणारी माझी मावसबहीण लोकलमध्ये शक्यतो डोळे मिटून बसते. आम्हाला वाटायचं, झोपते. मागच्या दिवाळीत गच्चीवर बसलो असताना तिने खरं कारण सांगितलं. तिला माणसांभोवती रंग दिसतात. सगळ्यांभोवती नाही आणि सतत तर नाहीच. पण समोरचं माणूस चिडलंय, घाबरलंय किंवा खुशीत आहे असं जाणवलं, की चेहऱ्याच्या कडेने रंगाचा एक पट्टा उमटतो. सकाळच्या गर्दीत, डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत, लेडीज डब्यात असे पट्टे एकदम दिसायला लागले की तिचं डोकं चढतं. मग डोळे मिटायचे.

हे तिने इतकी वर्षं घरात का सांगितलं नाही, ते आपल्या भागात वाढलेल्या कुणालाही कळेल. जरा वेगळं बोललं की आपल्याकडे ‘हिला ठाण्याला न्यायला हवं’ म्हणून हसतात. १९०१ पासून ठाण्यात असलेल्या मनोरुग्णालयावरून हा वाक्प्रचार पडला आणि अजून चालतो. शेवटी तिने नात्यातल्या एका काकूंना विश्वासात घेतलं, तर त्यांनी दुसरं टोक गाठलं. ‘अगं, तुला ऑरा दिसतो! देवाची देणगी आहे ही.’ म्हणजे एक तर वेड, नाहीतर दैवी शक्ती. मधली जागाच नाही.

मी मानसशास्त्रात पीएच.डी. करते आहे म्हणून तिने मला विचारलं, ‘ताई, मला दिसतं ते खरं की खोटं?’ त्या प्रश्नापायी मी गेल्या काही महिन्यांत जे पेपर वाचले, त्यांची ही चिकित्सा. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तुमच्यापैकी जे नेट-सेट किंवा पेटची तयारी करताहेत, सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांना एक-दोन माणसांवरचा अभ्यास कसा वाचायचा याचा नमुना म्हणूनही हे उपयोगी पडेल.

एकाच वाक्यात लपलेल्या चार गोष्टी

‘भावना रंगांच्या रूपात दिसतात’ हे वाक्य घ्या. त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत.

पहिली, कातडीचा खरा रंग. रागाने, लाजेने, भीतीने चेहऱ्यातलं रक्त कमी-जास्त होतं आणि रंग खरोखर बदलतो. मार्क चांगिझी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असा विचार मांडला, की माकडवर्गाची रंगदृष्टी कातडीतले हे बदल टिपायला विशेष सोयीची आहे. २०१८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अलेक्स मार्टिनेझ यांच्या गटाने भाव नसलेल्या चेहऱ्यांच्या चित्रांवर नुसत्या रंगछटा चढवल्या, तरी बघणाऱ्यांना कोणती भावना आहे ते बऱ्याचदा ओळखता आलं. म्हणजे या अर्थाने भावनेचा रंग आपण सगळेच बघतो.

दुसरी, भाषा. माणूस रागाने लालबुंद होतो, भीतीने पांढराफटक पडतो, वाईट बातमीने काळाठिक्कर पडतो, चोरी पकडली गेली की गोरामोरा होतो. गोरामोरा झालेला चेहरा नेमका कुठल्या रंगाचा, हे कुणी विचारत नाही, पण अर्थ सगळ्यांना कळतो.

तिसरी, संकेत. गडकरी रंगायतनमध्ये किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात नाटक बघताना लाल जिलेटीनमधून प्रकाश पडला, की काहीतरी भयंकर होणार हे आपण ओळखतो. हे शिकून आलेलं असतं.

चौथी गोष्ट सिनेस्थेशिया. एका प्रकारच्या संवेदनेबरोबर दुसऱ्या प्रकारची संवेदना आपोआप, न बोलावता येणं. कुणाला अक्षरांना रंग असतात, कुणाला सुरांना. हा आजार नाही. मानसिक विकारांच्या प्रमाणित याद्यांमध्ये त्याची नोंद नाही. (म्हणजे ‘ठाण्याला’ न्यायचं कारण नाही.)

एम.ए.ला असताना मी स्वतः या चारींची खिचडी केली होती. ‘रागाचा रंग कोणता? दुःखाचा कोणता?’ अशी प्रश्नावली वर्गात वाटली. रागासमोर जवळजवळ सगळ्यांनी लाल लिहिलं. मी खूश, मला ‘निष्कर्ष’ मिळाला. सरांनी कागद चाळले आणि एवढंच विचारलं, ‘यात तू त्यांचे डोळे तपासलेस, की त्यांचं मराठी?’ बहिणीशी बोलताना तो प्रश्न आठवला. म्हणून तिला ‘रागाचा रंग कोणता’ असं न विचारता ‘आई चिडते तेव्हा काय दिसतं’ असं विचारलं. ती म्हणाली, ‘पावसाळ्यात भिंतीला ओल येते ना, तसला.’ हे उत्तर कुठल्या वाक्प्रचारातून आलेलं नाही. तिथे मी पहिल्यांदा वही उघडली.

दोन माणसं, दोन वेगळे रंग

या विषयावर दोन अभ्यासांची नावं पुन्हापुन्हा येतात. दोन्ही एकेका व्यक्तीवरचे आहेत.

पहिला जेमी वॉर्ड यांचा, २००४ चा. जीडब्ल्यू या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका व्यक्तीला ओळखीच्या माणसांची नावं, त्यांचे चेहरे आणि भावना जागवणारे शब्द यांच्याबरोबर रंग दिसत. सुखद शब्दांना गुलाबी, नारिंगी, पिवळा, हिरवा असे रंग, तर दुःखद शब्दांना तपकिरी, करडा, काळा.

दुसरा व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा, २०१२ मध्ये ‘न्यूरोकेस’ या नियतकालिकात आलेला. टीके हा २३ वर्षांचा तरुण, अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम असलेला. लहानपणी त्याला लोकांच्या भावना ओळखणं अवघड जायचं, तेव्हा आईने सुचवलं, की प्रत्येक भावनेला एक रंग देऊन बघ. पुढे त्याला माणसांच्या चेहऱ्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली. संशोधक त्याच्या सांगण्यावर थांबले नाहीत. त्यांनी वलयाच्या जागेत रंगीत अक्षरं दाखवून तो किती वेळात ओळखतो ते मोजलं. वलय खरंच दिसत असेल, तर त्याच रंगाचं अक्षर त्यात हरवेल आणि सापडायला उशीर होईल, असा हिशेब. तसंच झालं. ‘मला दिसतं’ या खाजगी वाक्याला सेकंदांत मोजता येणारं रूप देणं, ही या पेपरमधली शिकण्यासारखी गोष्ट.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. टीकेच्या बाबतीत रंगाचा उगम आईच्या सल्ल्यापर्यंत नेता येतो. मग हा जन्मजात सिनेस्थेशिया म्हणायचा, की सवयीने पक्का झालेला? हा आक्षेप लगेच फेटाळता येत नाही, पण त्यामुळे अनुभव खोटाही ठरत नाही. २०१३ मध्ये विटहॉफ्ट आणि विनावर यांनी असे ११ जण शोधले, ज्यांच्या अक्षरांचे रंग लहानपणीच्या चुंबकी अक्षरांच्या खेळण्याशी जुळत होते. म्हणजे कुठला रंग चिकटायचा ते शिकण्यातून ठरू शकतं आणि तरीही तो पुढे आपोआप दिसतो.

माझा खरा आक्षेप दुसरा आहे. या दोन केसेसचा उल्लेख करताना अनेक लेखांत ‘इतरांच्या भावना रंगांत दिसणारी माणसं’ असं सरसकट लिहिलेलं असतं. पण जीडब्ल्यूचा रंग कशावरून ठरतो? त्या नावाबद्दल, त्या शब्दाबद्दल तिच्या मनात काय आहे, त्यावरून. ज्याचं नाव आहे ते माणूस त्या क्षणी कुठेतरी रडत असलं, तरी तिचा गुलाबी गुलाबीच राहणार. तो रंग तिच्या भावनेचा आहे. टीकेच्या बाबतीत भावना समोरच्याची आहे खरी, पण तिथेही मेंदूने आधी चेहरा, आवाज, हालचाल यांवरून काहीतरी अंदाज बांधलेला असतो. रंग त्या अंदाजाला लागतो. अंदाज चुकला तर रंगही चुकणार. दोन्ही ठिकाणी रंग बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. ‘इतरांच्या भावना दिसतात’ या वाक्यात हा मधला टप्पा गायब होतो आणि तिथूनच पुढचे घोटाळे सुरू होतात.

पेपर एक सांगतो, बातमी दुसरंच

सगळ्यात मोठा घोटाळा ऑराचा. वॉर्ड यांनी २००४ मध्ये एक शक्यता बोलून दाखवली होती, की ऑरा दिसतो म्हणणाऱ्या काही लोकांना कदाचित सिनेस्थेशिया असेल. ही कल्पना आकर्षक आहे. कुणाला खोटारडं न म्हणता चमत्कार उलगडतो.

२०१२ मध्ये स्पेनच्या ग्रानादा विद्यापीठातल्या एमिलिओ गोमेझ मिलान आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना तपासायला घेतली. त्यांचा पेपर ‘कॉन्शसनेस अँड कॉग्निशन’मध्ये आला. माणसांचे चेहरे किंवा आकृती पाहून रंग दिसणाऱ्या ४ सिनेस्थेट व्यक्तींची वर्णनं त्यांनी घेतली आणि ती ऑराविषयीच्या पुस्तकांतल्या वर्णनांशी, त्या क्षेत्रातल्या ‘जाणकारां’च्या दाव्यांशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा, की या दोन गोष्टी अनुभवाच्या आणि वागण्याच्या दोन्ही पातळ्यांवर एकमेकींसारख्या नाहीत.

आणि त्याच सुमारास जगभर बातम्या कोणत्या आल्या? उपचार करणाऱ्या ‘हीलर’ लोकांना ऑरा का दिसतो याचं शास्त्रीय कारण सापडलं, आणि ते म्हणजे सिनेस्थेशिया! पेपरच्या निष्कर्षाच्या जवळजवळ उलट. आजही या विषयावर शोधलं तर आधी बातम्या सापडतात, पेपर नंतर. आमच्या काकूंना कुणीतरी फॉरवर्ड केलेला मजकूरही त्याच घराण्यातला होता.

इथे सगळा दोष पत्रकारांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. पेपरलाही प्रश्न विचारायला हवेत. एका बाजूला जिवंत माणसांच्या मुलाखती आणि दुसऱ्या बाजूला बरीचशी छापील वर्णनं, ही तुलना समतोल नाही. पुस्तक लिहिणारा आधीच्या पुस्तकांतून उचलतो. त्याला स्वतःला काय दिसलं, ते त्यातून कळेलच असं नाही. शिवाय ‘दोन गट सारखे नाहीत’ यावरून ‘ऑरा सांगणाऱ्यांपैकी एकालाही सिनेस्थेशिया नाही’ असं निघत नाही. वॉर्ड ‘काही जणांना असेल’ म्हणाले होते. तेवढा दावा या पेपरने खोडला जात नाही आणि सिद्धही होत नाही. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे लिहायचं झालं, तर एवढंच लिहा. ‘सिद्ध झाले आहे’ हा शब्दप्रयोग हात आखडता घेऊन वापरा.

दोन दावे वेगळे करायची एक साधी युक्ती आहे. माणसाला त्याच्या उंचीच्या पडद्याआड उभं करा. ऑरा जर शरीराभोवती खरंच असेल, तर त्याची कड पडद्याच्या वर दिसायला हवी, आणि पडद्याआड माणूस आहे की नाही हे बघणाऱ्याला सांगता यायला हवं. सिनेस्थेशिया असलेल्या व्यक्तीकडून मात्र अशी अपेक्षा कुणी करणार नाही. तिला चेहरा किंवा निदान नाव तरी लागतं. तेव्हा बहिणीला मी म्हटलं, ‘पडदा लावला तर?’ ती हसली. ‘मग काय दिसणार? पडदा दिसेल.’

आणि भरतमुनींचं काय?

हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे हे सगळं आधीच माहीत होतं.’ आधार असतो नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायाचा. तिथे प्रत्येक रसाला रंग दिला आहे : शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोत म्हणजे पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा.

यादी सुंदर आहे, पण ती सिनेस्थेशियाची नोंद नाही, हे त्या अध्यायातूनच कळतं. तिथे प्रत्येक रसाला देवताही दिली आहे. शृंगाराची देवता विष्णू आणि रंग श्याम. रौद्राची देवता रुद्र आणि रंग लाल. हे रंग एका व्यवस्थेचा भाग आहेत आणि नट, सूत्रधार, प्रेक्षक सगळ्यांनी ते सारखेच मानायचे आहेत. सिनेस्थेशियाचं लक्षण नेमकं याच्या उलट. एकीचा राग ओलीच्या रंगाचा, तर दुसरीचा जांभळा असेल, आणि दोघींचं एकमेकींशी पटणार नाही. शिवाय रस म्हणजे शेजारी बसलेल्या बाईच्या मनातली भावना नव्हे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना ग्रंथ मोठा ठरायला त्याला मेंदूविज्ञानाचं प्रमाणपत्र लागत नाही. संकेत या अर्थाने तो वाचला, तर गडकरी रंगायतनमधल्या लाल प्रकाशाबद्दल तो आपल्याला जास्त सांगतो.

चाचणी कशाची घ्यायची?

सिनेस्थेशिया ओळखायची रूढ पद्धत सातत्याची आहे. १९८७ मध्ये बॅरन-कोहेन, वाइक आणि बिनी यांनी शब्दांना रंग दिसणाऱ्या एका व्यक्तीला शब्दांची यादी दिली, रंग लिहून घेतले आणि १० आठवड्यांनी तीच यादी पुन्हा दिली. उत्तरं जुळली, तर ती कल्पनेतून रचलेली नाहीत असं मानायला आधार मिळतो. पुढे हीच पद्धत संगणकावर आली.

या चाचणीने बरंच काही सुधारलं. १९९६ मध्ये वर्तमानपत्रातल्या आवाहनाला आलेल्या प्रतिसादावरून अंदाज केला होता, की सिनेस्थेशिया २००० मध्ये एकाला असतो आणि स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या सहापट दिसतो. २००६ मध्ये ज्युलिया सिमनर यांच्या गटाने, कुणी आपणहून पुढे यायची वाट न बघता, विद्यापीठात आणि संग्रहालयात आलेल्या लोकांना सरसकट तपासलं. तेव्हा सगळे प्रकार मिळून प्रमाण ४.४ टक्के निघालं आणि स्त्री-पुरुष फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे सहापटीचा आकडा बराचसा ‘पत्र कोण लिहितं’ याचा होता. गुगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकून नमुना गोळा करणाऱ्या आपण सगळ्यांनी हे उदाहरण टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

पण भावनांच्या बाबतीत सातत्याची चाचणी अडखळते. ‘क’ हे अक्षर दहा आठवड्यांनीही ‘क’च असतं. मैत्रिणीचा चेहरा मात्र दहा आठवड्यांनी तोच राहिला, तरी तिच्याबद्दल आपल्याला वाटणारं बदललेलं असू शकतं. मग रंग बदलला, तर चाचणीत नापास, की उलट व्यवस्थित पास? सिमनर यांनीच २०१२ मध्ये व्याख्येबद्दलच्या लेखात बजावलं, की सातत्यालाच व्याख्या मानलं तर ज्यांचे रंग बदलतात ते लोक अभ्यासाच्या बाहेरच राहतील, आणि मग सातत्य सगळ्यांत आढळतं हा शोध न राहता आपणच घातलेली अट ठरेल.

म्हणून बहिणीसारख्या व्यक्तीचा अभ्यास करायचा तर मी दोन प्रश्न वेगळे ठेवेन. पहिला, रंग आपोआप दिसतो का? त्यासाठी टीकेसारखी, वेळ मोजणारी चाचणी. दुसरा, त्या रंगातून समोरच्याबद्दल काही माहिती मिळते का? त्यासाठी माणसांच्या आवाज बंद केलेल्या चित्रफिती, त्या माणसांनी स्वतः स्वतंत्रपणे नोंदवलेली भावना, आणि तुलनेला रंग न दिसणारी तिच्याच वयाची माणसं. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात इतरांइतकीच, असा निकाल अगदी शक्य आहे. बहुतेक लेख पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात जमा करतात.

हा अभ्यास मी करणार नाही, हेही सांगते. ती माझी बहीण आहे. ती मला ‘नाही’ म्हणू शकेल, याची खात्री नसताना घेतलेली संमती मी संमती समजणार नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तिला भेटले आणि म्हटलं, ‘तुला दिसतं ते खरं असावं. पण ते समोरच्याबद्दल खरं आहे की नाही, ते वेगळं तपासावं लागेल.’ ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एक गोष्ट सांगितली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. रोज डोंबिवलीहून बरोबर यायच्या, चौथ्या सीटवर आळीपाळीने बसायच्या. एके दिवशी त्या मैत्रिणीभोवती तिला तोच ओलीचा रंग दिसला, आठवडाभर दिसत राहिला. हिने ठरवलं, ती आपल्यावर चिडली आहे आणि लपवते आहे. हिने बोलणं तोडलं. कारणही विचारलं नाही, कारण विचारायची गरजच वाटली नाही. दिसतच होतं ना. काही महिन्यांनी कुणाकडून तरी कळलं, की त्या दिवसांत तिचे वडील अतिदक्षता विभागात होते.

‘मला वाटायचं, मला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं,’ ती म्हणाली.

गेल्या रविवारी तिने त्या मैत्रिणीला मेसेज पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. लोकलमध्ये ती अजूनही डोळे मिटूनच बसते, गर्दीचा त्रास काही पेपर वाचून कमी होत नाही. पण परवा आमच्याकडे आली होती, तेव्हा दारातच माझ्याकडे बघून थबकली आणि म्हणाली, ‘ताई, काही झालंय का? का मलाच वाटतंय?’ मला खरंच काही झालं नव्हतं, नुसती झोप झाली नव्हती. तसं मी तिला सांगितलं.